गयाबाईचं दूध आणि माझा बेडका

टीबीच्या गोळ्या सोडू नका. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी इतकी चिडचिड करणार आहे की सांगायचं राहून जाईल. लघवी शेंदरी होते, तोंडाची चव जाते, भाताच्या नुसत्या वासानं मळमळतं. तरी सोडू नका. मी सात महिने गिळल्या. आज माझी छाती साफ आहे ती गोळ्यांमुळं, पुस्तकामुळं नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण मी एका कादंबरीबद्दल सांगणार आहे, आणि आमच्याकडं 'वाचनानं आजार पळाला' असं भाषणात ठोकून देणाऱ्यांची कमी नाही.

गावाचं नाव लिहीत नाही. केज तालुका, युसूफ वडगावच्या बाजूला, एवढं पुरे. ज्या बाईबद्दल सांगायचंय तिचं नावही बदललंय. इथं ती गयाबाई.

डेअरी

मी कमल. गावातल्या महिला दूध संस्थेची सेक्रेटरी. सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी पुन्हा दोन तास, बाया किटल्या घेऊन रांगेत आणि मी टेबलामागं. दुधाचा नमुना घ्यायचा, लॅक्टोमीटर सोडायचा, डिग्री बघायची, रजिस्टरला लिहायचं. डिग्री कमी भरली तर दूध परत. तीनदा परत गेलं तर त्या बाईचा नंबर बंद. असा संस्थेचा नियम, आणि तो पाळण्यात मी कडक.

कडक का, तेही सांगते. आम्ही बौद्ध. मला सेक्रेटरी केलं तेव्हा निम्म्या गावाच्या पोटात दुखलं होतं. "आता ह्यांच्या हातानं दूध मोजायचं व्हय?" हे मी माझ्या कानानं ऐकलंय. पहिल्या सकाळी रांग थबकली होती, कुणी पुढं येईना. तेव्हा गयाबाईनंच सगळ्यांना बाजूला सारून किटली टेबलावर ठेवली. पण बाकीच्यांची तोंडं मला माहीत होती. माझ्या हातून एक लिटरची चूक झाली असती तर 'यांना जमतच न्हाई' म्हणायला सगळे टपलेलेच. म्हणून मी नियमाच्या बाहेर केसभर जायची नाही. माझ्या सख्ख्या जावेचं दूध मी परत पाठवलंय.

ते तिसरं कोरडं साल. पावसाळा संपत आला तरी गुरांची चारा छावणी उठली नव्हती, जनावरं दावणीला उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या वाढ्यावर उभी. गावात टँकर आठ दिवसांनी. अशात गयाबाईचं दूध तिसऱ्यांदा कमी भरलं. मी सगळ्या रांगेसमोर म्हणाले, "गयाबाई, पाणी घालायचं तर जरा हिशेबानं घाला. टँकरचं पाणी प्यायला आणलंय, किटलीत ओतायला नाही."

बाया हसल्या. गयाबाई टेबलाला धरून काहीतरी बोलत राहिली. मी म्हणाले, "नियम म्हणजे नियम. आज तुम्हाला सोडलं तर उद्या सगळ्यांना सोडावं लागंल." आणि पुढचा नंबर पुकारला. ती गेली. मी त्या दिवशी जेवलेही पोटभर. पुढं कळलं की तिनं गाय विकली, आणि तीन वर्षं घरी राहिलेली बाई दसऱ्यानंतर नवऱ्याबरोबर पुन्हा ऊसतोडीला गेली. पोरीची शाळा सोडवून तिलाही संगं नेलं. मी म्हटलं, ज्याचं त्याचं नशीब.

टीबी

खोकला दोन महिने होता. मी म्हणायची, फुफाट्यानं होतंय. सगळं गाव धुळीनं खोकत होतं. केजच्या एका डॉक्टरनं औषधाच्या चार बाटल्या दिल्या. त्यातल्या दोन गोड होत्या, तेवढाच फायदा. मग एका सकाळी डेअरीतच ठसका आला, रुमाल तोंडाला लावला आणि लाल दिसला. टेबलापुढच्या बाईनं आधी किटली मागं ओढली, मग विचारलं, "काय झालं वो?"

आधी किटली. हे मी विसरणार नाही.

सरकारी दवाखान्यात एक्स-रे झाला. बेडका तपासायला द्यायचा होता. मी डबीत दिलेला पहिला नमुना परत आला. "ही लाळ आहे बाई, छातीतून काढा," म्हणाला तिथला माणूस. अंगणात उभी राहून खोकून खोकून माझा जीव मेटाकुटीला आला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी टीबी असल्याचं सांगितलं. माझ्या नवऱ्यानं, प्रकाशनं, डॉक्टरांना एक प्रश्न विचारला नाही. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "कुनाला सांगायचं न्हाई."

"का? मी चोरी केलीय का?"

"तसं न्हाई. पण लोक..."

लोक! मी मरतेय का जगतेय ते राहिलं बाजूला, याला लोकांची फिकीर. मी एसटीत त्याच्या शेजारी बसले नाही. तो लांब बसल्यावर रडायलाही बरं पडलं. दोन लेकरं होती माझी, आणि मला सारखं एकच दिसत होतं, की त्यांना मी आता जवळ घ्यायचं की नाही. ती नेकनूरला माझ्या माहेरी पाठवली. धाकटा जाताना गळ्यात पडायला आला आणि मी त्याला हातानं ढकललं. का ढकललं ते त्याला समजलं नाही आणि मला तोंडानं सांगता आलं नाही.

अकरा दिवस

रक्त थांबेना म्हणून भरती केलं. वॉर्डात सहा खाटा, खिडक्या उघड्या, नळाला सकाळी एक तास पाणी. बाकी दिवसभर नातेवाईक कॅन घेऊन इकडून तिकडं. साफसफाईवाली एक मावशी होती, तिचं नाव मी शेवटपर्यंत विचारलं नाही, याची लाज वाटते. ती रोज गुमान माझी बाटली भरून खाटेखाली ठेवायची.

भेटायला येणारे मात्र दारातूनच बोलायचे. तोंडाला पदर नाहीतर रुमाल, आणि वर उपदेश: सकारात्मक विचार ठेवा. अरे काय ठेवा? कुठं ठेवा? काहींना तर आजार सापडला ते बरंच झालं. आधी आमच्या घरी पाणी न पिण्याचं कारण सांगता येत नव्हतं, आता तोंडावर सांगता येऊ लागलं.

माझी नणंद रेखा तेवढी खाटेवर टेकायची. तिचं एम.ए. चाललं होतं आणि विहारातलं वाचनालयही तीच बघायची. मी तिला संस्थेचं रजिस्टर आणायला सांगितलं. माझ्या जागी बसवलेली पोरगी काय गोंधळ घालतेय ते बघायचं होतं. तिनं आणली कादंबरी.

"हे काय?"

"रजिस्टर द्यायला डेअरीतल्या बाया न्हाई म्हणल्या. मग हे आनलं."

"मला गोष्टी वाचायला लावतीस? लहान हाय का मी?"

खरंच डोकं फिरलं होतं. आमच्या घरात वाचन होतं, नाही असं नाही. पण चळवळीचं. आत्मकथनं मी सगळी वाचलेली, काही दोनदा. ती आमचीच, आमच्याच माणसांनी लिहिलेली, त्यातला शब्द न् शब्द सोसलेला. कादंबरी म्हणजे कुणीतरी बसल्या जागी रचलेलं खोटं. ते कशाला वाचायचं? पण मोबाईलला रेंज नव्हती आणि शेजारच्या खाटेवरची आजी दिवसभर झोपायची. तिसऱ्या दिवशी हात लावला.

आणि चिडलेच. पुस्तक समुद्राकाठच्या गावाचं. पानापानाला पाऊस! छपरं गळतायत, कपडे वाळत नाहीत, लोक पावसाला वैतागलेत. इथं आम्ही बादलीभर पाण्यासाठी भांडायचं आणि यांना पाऊस नकोसा. मी रेखाला म्हणाले, "ह्या लोकांना एक महिना बीडला आणून सोडा." त्यातली मुख्य बाई मासळी सुकवून विकणारी, नवरा बुडालेला. आपला काय संबंध? मी जन्मात समुद्र पाहिला नाही आणि सुकटाच्या वासानं मला शिंका येतात.

पण ही बाई सकाळी उठल्याबरोबर आभाळाकडं बघायची. मीही बघायची. ती ढग नसावेत म्हणून, मी असावेत म्हणून. मासळी पसरलेली आणि आभाळ भरून आलेलं, अशा एका पानावर मी अक्षरशः पुटपुटले, "नको रे बाबा, आज नको." माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी पाऊस येऊ नये म्हणून जीव टाकला. तोही दुष्काळात, तोही कधी झालीच नाही अशा बाईसाठी. मलाच माझी गंमत वाटली.

मापाड्या

घरी आणल्यावर मला मागच्या खोलीत ठेवलं. ताट वेगळं, तांब्या वेगळा. डॉक्टर म्हणाले होते ताट वेगळं करायची गरज नाही, पण सासूबाईंना कोण सांगणार? त्या ताट उंबऱ्यात ठेवून, सरकवून, दोन पावलं मागं जायच्या. एक बरं होतं, प्रकाश आता रोज संध्याकाळी दारात येऊन बसायचा आणि गोळी गिळेपर्यंत उठायचा नाही. बोलायचं काही सुचायचं नाही त्याला. नुसता बसायचा. माझा राग तेवढ्यानं गेला नाही, पण कमी झाला.

त्या कादंबरीत धक्क्यावर एक मापाड्या होता. मासळी सोसायटीचा माणूस, माल तपासून घेणारा. एक दिवस तो त्या बाईची सगळी टोपली वास येतोय म्हणून समुद्रात फेकून देतो. बाई सांगत असते की घरात तापानं फणफणलेलं लेकरू होतं, म्हणून माल उशिरा हलवला. तो ऐकतच नाही. मी रेखाला ते पान मोठ्यानं वाचून दाखवलं आणि वर शिव्या घातल्या. "मेल्याला काळीज हाय का दगड? विचारायला काय जातंय ह्याचं? नियम म्हणजे नियम म्हणं! आज तुला सोडलं तर..."

 रेखा हळूच म्हणाली, "वहिनी, ह्ये तर तुमचंच वाक्य हाय."

"माझं?"

"गयाबाईला म्हणलात की. मी रांगेतच होते."

अंगाचा तिळपापड झाला माझा. मी पुस्तक तिच्या अंगावर फेकलं. म्हटलं, तो मापाड्या खातो-पितो, मी संस्थेचा एक पेला चहा फुकट पीत नाही. त्याच्यावर कुणी टपलेलं नाही, माझ्यावर सारं गाव टपलंय. माझी गोष्टच वेगळी.  रेखानं पुस्तक उचलून खिडकीत ठेवलं आणि ती गेली. मी आठ दिवस त्याला शिवले नाही.

मग शिवले, पण कपटानं. म्हटलं, लिहिणारानं पुढं मापाड्याचीही बाजू दिली असेल. त्याचंही काही दुःख असेल, म्हणजे मला जरा हलकं वाटेल. शोधत शोधत वाचलं. दीड पान मिळालं. त्यात एवढंच, की धक्क्यावर उभं राहून त्याचा गुडघा दुखतो आणि घरी त्याच्याशी कुणी धड बोलत नाही. दीड पान! मला फार राग आला त्या लेखकाचा. अजूनही आहे थोडा.

पुन्हा नमुना

दोन महिने झाले की बेडका पुन्हा तपासतात. बहुतेकांचा साफ येतो. माझा आला नाही.

रांगेत माझ्यामागं दहा-बारा माणसं. सिस्टरनं कागद बघितला आणि खडसून विचारलं, "गोळ्या गिळता का उशाखाली ठेवता?"

"एक चुकवली न्हाई, सिस्टर. पाकिटं आणलीत, बगा."

"पाकिटं रिकामी करायला काय लागतंय?"

मागून कुणीतरी हसलं. मी बोलत होते. उलटी झाली तेव्हा विचारून दुसरी गोळी घेतली, नवरा रोज समोर बसतो, त्याला फोन लावून विचारा. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तिनं पुढचं नाव पुकारलं.

बाहेर लिंबाखाली बसले. मला वाटलं होतं मी रडेन, पण मी पेटले होते. रागानं. दोन महिने तोंडात विष ठेवल्यागत काढले, लेकरं लांब ठेवली, आणि ही बाई एका कागदावरून मला खोटारडी म्हणते? तिला काय माहीत माझ्या घरात काय होतं? तिनं काय बघितलं? आणि तेव्हा, अगदी नको असताना, ती टोपली फेकलेली बाई डोळ्यापुढं आली, आणि तिच्यामागं, टेबलाला धरून बोलणारी गयाबाई.

दुष्काळात पाणी! आठ दिवसांनी टँकर येणाऱ्या गावात, ज्या घरात हंडाभर पाणी जपून प्यायचे, ती बाई दुधात पाणी कुठून घालणार होती? हा विचार मला तेव्हा का आला नाही? मला डिग्री मोजता येत होती, आणि एवढं साधं येत नव्हतं.

पुढं डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की काहींना वेळ लागतो, औषध लागू आहे, आणखी महिनाभर पहिल्याच गोळ्या घ्या. त्यानंतरचा नमुना साफ आला. सिस्टर तेव्हा म्हणाली, "बघा, नीट घेतल्या की झालं." 

त्याच आठवड्यात रेखानं डेअरीवरची बातमी आणली. छावणीतल्या सगळ्याच जनावरांचं दूध कमी भरायला लागलं होतं. जनावरांच्या डॉक्टरनं सांगितलं, नुसत्या वाढ्यावर जनावर जगतं, पण दूध पातळ पडतं. गयाबाईकडं कडबा नव्हताच, तिची गाय सगळ्यात आधी छावणीला गेली होती. म्हणून तिचं दूध सगळ्यात आधी पातळ पडलं.

त्यानंतर मी कादंबऱ्या मागून घेऊन वाचल्या. विहारातल्या कपाटातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या. आत्मकथनांनी मला माझी माणसं दिली, त्यांचं मोल कमी करत नाही. पण जी बाई माझी कुणीच नाही, तिच्या चुलीपुढं मला कुणी आजवर बसवलं नव्हतं. कादंबरीत बसावंच लागतं. नंबर पुकारून तिला घालवता येत नाही. मला वाटायला लागलं होतं की मी आता शहाणी झाले. बरी झाले की गयाबाईकडं जायचं, चूक कबूल करायची, नंबर चालू करून द्यायचा. मनात सगळं बोलणं तयार होतं.

गयाबाई

ऊसतोडीची माणसं चैत्रात परतली. माझ्या गोळ्या संपून आठवडा झाला होता. दुपारी तिच्या घरी गेले. ती अंगणात बसून, कोपीवरून, तोडीवरच्या झोपडीतून, आणलेल्या गोधड्या झटकत होती. वाळली होती बरीच. पोरगी भाकरी थापत होती. तिनं माझ्याकडं बघून मान खाली घातली.

"या ताई," गयाबाई म्हणाली. "आजारी व्हता म्हनं."

मी उभ्यानंच सांगितलं. "गयाबाई, तुमच्या दुधात पाणी नव्हतं. माझी चूक झाली. मला आता कळलंय."

"मला ठावंच व्हतं की," ती म्हणाली. गोधडी झटकायची थांबली नाही.

मी म्हटलं, तसं नाही, मला आतून कळलंय. आणि मूर्खासारखी त्या कादंबरीबद्दल सांगायला लागले. समुद्र, मासळी, धक्का, मापाड्या, सगळं. त्या बाईचं बोलणं मला तोंडपाठ होतं, तेही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग गोधडी मांडीवर ठेवली.

"त्या बाईचं लिव्हल्यालं तुमाला समदं ध्यानात हाय."

"हो."

"अन् म्या त्या दिवशी काय म्हणले, ते ध्यानात हाय का?"

मी आठवू लागले. टेबलाला धरलेले तिचे हात आठवले. बाया हसल्या ते आठवलं. माझी वाक्यं तर सगळी आठवली. तिचा एक शब्द आठवेना.

"पाणी घातलं न्हाई, असंच म्हणाला असाल," मी म्हणाले.

"पान्याचं म्या बोललेच न्हाई वो." तिचा आवाज चढला नव्हता. "दूध परत केलं तर करा, म्हणले. गाय दोन दिसापास्नं उठंना झालीय. तुमचा फोन गेल्याबिगर संस्थेचा डाक्टर येत न्हाई. तेवढा फोन लावा, म्हणले."

"पण गाय तर विकली ना?"

"मेली," गयाबाई म्हणाली. "तिसऱ्या दिशी. मेलेली गाय कोन इकत घेतंय? फोन तुमच्या हातातच व्हता, ताई."